आबांची फाइल

"पण सर, हे मूळ फंक्शनमध्येच का नाही बदललं?" पुण्याच्या कंपनीतल्या मुलीने फोनवर सहज विचारलं. हिलाल बोरसेला कम्पायलरच्या बाबतीत जळगावात तरी आजवर कोणी अडवलं नव्हतं. त्या प्रश्नापाशी मात्र तो अडला. "ती आबांची फाइल आहे," त्याने सांगितलं. नवी पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात एवढं उत्तर पुरत असे. सुकदेवला पुरायचं, मधल्या काळात येऊन गेलेल्या पोरांना पुरायचं, आणि खुद्द हिलालला तर ते इतकं पुरलं होतं की त्यापुढे काही विचारायचं असतं हेच तो विसरला होता. मुलीने अजिबात चेष्टेचा सूर न लावता विचारलं, "आबा कोण?" हिलालने काहीतरी सांगितलं, आमचे सर, धुळ्याचे, मूळ लिखाण त्यांचं. ती "ओके सर" म्हणाली, पण त्या ओकेमध्ये काही पटल्याची खूण नव्हती. रिसीव्हर ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याचा कान लाल होऊन दुखतोय. वैशाखाच्या तोंडचं ऊन खाली बियाण्याच्या दुकानाच्या पत्र्यावर तापत होतं आणि खोलीत कीटकनाशकाचा तो कडवट, घशाला धरणारा वास भरला होता. या वासात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. आज तो वास नव्याने नाकात शिरला.

आबा कोण? खान्देशात असा प्रश्न विचारायला पुण्याचंच माणूस हवं. प्राध्यापक शालिग्राम महाजन यांना धुळ्यापासून भुसावळपर्यंत आबा म्हणत. ज्यांना कम्पायलर म्हणजे खायचं की प्यायचं हे ठाऊक नव्हतं, तेही म्हणत की आबांनी कॉलेजात कम्पायलर केला. कम्पायलर म्हणजे दुभाष्या. माणसाने लिहिलेलं मशीनला कळेल अशा बोलीत उतरवून देणारा. आबांचा दुभाष्या लहान होता, पंपांची, वजनकाट्यांची नियंत्रणं लिहिण्यापुरत्या एका छोट्या भाषेचा. पण तो पंच्याऐंशी साली, धुळ्यात, परीक्षेचे पेपर तपासता तपासता लिहिलेला होता. त्यातली पूर्णांकांची सगळी कामं एका फाइलीत होती: आकड्याचं उणे काढून टाकणं, भागाकार, बाकी, दोघांत मोठा कोण, आकड्याची अक्षरं करणं. ती फाइल आबांनी स्वतःच्या हाताने लिहिली. बाकीचं हिलाल आणि सुकदेव या दोन विद्यार्थ्यांनी. पुढे सुकदेवने जळगावात ऑफिस थाटलं, पुण्याच्या एका कंपनीला कम्पायलर विकला, आणि हिलाल त्या कम्पायलरचा रखवालदार झाला. हा शब्द त्याने स्वतःसाठी फोनच्या आधी कधी वापरला नव्हता.

दुखणं साधं होतं. धुळ्याच्या कॉलेजातलं मशीन कपाटाएवढं, आणि त्याचं आकडा मोजायचं मापही मोठं. 'इंट' म्हटलं की त्यात दोनशे कोटींच्या वरचा आकडा बिनबोभाट मावे. आबांनी त्या मापावर विसंबून लिहिलं. मग डेस्कवर ठेवायचे पीसी आले. नाव तेच, 'इंट', पण माप आकसलं: बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत ठीक, त्यापुढे सांडलवंड. आणि मशीन सांडल्याचं सांगतही नाही. आबांच्या फंक्शनला सत्तर हजार द्यावेत तर ते चार हजार चारशे चौसष्ट परत करतं, शांत चेहऱ्याने. चाळीस हजार द्यावेत तर आकडा उणेमध्ये जातो. कोणीतरी केळीच्या मळ्यातला पंप चाळीस हजार सेकंद चालव म्हणून लिहावं आणि पंप सुरूच होऊ नये, असं खरंच एकदा रावेरकडे झालं. तेव्हा हिलालने पहिला टेकू दिला. मोठा आकडा आला की त्याचे दोन तुकडे करायचे, दोन्ही वेगवेगळे आबांच्या फंक्शनकडे धाडायचे, परत आलेले तुकडे सांधायचे. आबांच्या फाइलला बोट लावायचं नाही. मग दुसरीकडे आकडा सांडला, तिथे दुसरा टेकू. भागाकाराला टेकू, बाकीला टेकू, टेकूला टेकू. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पण औषध इतक्या मन लावून केलेलं की गंमत वाटावी: हिलालचे टेकू सुरेख होते, त्यांत उगाच एक ओळ नव्हती, आणि त्याला त्यांचा अभिमान होता. हे कबूल करायला त्याला आता जड जात होतं. रात्री जेवताना तो प्रमिलाला म्हणायचा, आज एक अवघड जागा पकडली. प्रमिला म्हणायची, "हो का," आणि वाटीत आणखी वरण घालायची.

आता पुण्याच्या कंपनीला तोच कम्पायलर, त्याच मजकुरातून, पीसीवरही हवा होता आणि तिच्याकडच्या नव्या मोठ्या मशीनवरही. मोठ्या मशीनचं माप पुन्हा मोठं. तिथे आबांची फाइल जशीच्या तशी चालत होती आणि हिलालचे टेकूच आडवे येत होते. तुकडे करायची गरज नसताना ते तुकडे करत, आणि सांधताना आकडा बिघडवत. म्हणजे जिथे आबा चुकत तिथे हिलाल बरोबर, आणि जिथे आबा बरोबर तिथे हिलाल चूक. त्या मुलीने चार दिवस हे वाचून काढलं असणार आणि मग अगदी शहाण्यासारखा प्रश्न विचारला. फाइलीच्या माथ्यावर आबांनी एकाच ओळीत ठरवून टाकलं होतं की या फाइलीतला आकडा म्हणजे 'इंट'. खाली सगळीकडे तोच ठराव वापरलेला. त्या जागी 'लाँग', म्हणजे मोठं माप, लिहिलं की दोन्ही मशीनांवर माप सारखं झालं असतं. एक शब्द. हिलालला तो शब्द पहिल्या टेकूच्या आधीपासून माहीत होता. कडू होतं ते हेच. न कळल्यामुळे माणूस चुकला तर त्याला निदान अज्ञानाची सावली मिळते. याला तर सगळं माहीत होतं, आणि तरी त्याने हात मागे बांधून अकरा वर्षं सुरेख काम केलं होतं.

हात कोणी बांधले? तो दिवस त्याला नीट आठवत होता, निदान नीट आठवतोय असं त्याला वाटत आलं होतं. कॉलेजची गारेगार मशीनरूम. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळासारखं. आबा पांढऱ्या बुशशर्टात, खिशाला शाईचा डाग. ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले होते, "माझ्या फाइलला हात लावू नका रे." आवाज चढवला नव्हता. आबा कधीच चढवत नसत, म्हणूनच त्यांचा शब्द खाली पडत नसे. सुकदेव आणि हिलाल दोघांनी माना हलवल्या. पुढे जळगावला ऑफिस निघालं तेव्हा ते वाक्य सामानाबरोबर आलं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगितलं जाई: पाण्याचा माठ तिकडे, चहा चार वाजता, आणि आबांच्या फाइलला हात लावायचा नाही. एका पोराने एकदा लावला होता. हिलालने त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि फाइल पूर्ववत केली. ते पोर महिन्याभरात नोकरी सोडून गेलं. ते आता कुठे असेल? बरंच असेल. सोडून गेलेले सगळे बरेच असतात, असं हिलालचं मत होत चाललं होतं.

कारण एक फाइल तेवढीच नव्हती. शहाऐंशी साली त्याला बंगळूरच्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं. कागद खिशात घालून तो आबांच्या देवपुरातल्या घरी गेला. आबा जेवत होते. अक्कांनी, म्हणजे आबांच्या पत्नी कुंदाबाईंनी, त्यालाही ताट वाढलं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. आबा त्या दिवशी खुलले होते. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "बघ हिलाल, हे काम मुंबई-बंगळूरलाच होतं असं कोणी सांगितलं? आपल्या खान्देशातही होऊ शकतं. माणसं थांबली पाहिजेत." माणसं थांबली पाहिजेत. हिलालच्या खिशातला कागद पोटाला टोचत राहिला. त्याला वाटलं, यांना कळलंय. कॉलेजच्या पत्त्यावर पत्र आलेलं, कोणीतरी सांगितलं असणार, आणि आबा आपल्या रीतीने, न दुखवता, थांब म्हणताहेत. तो थांबला. कागद त्याने बाहेर काढलाच नाही. आल्या वाटेने पांझरेच्या पुलावरून चालत स्टँडवर गेला आणि मनातून त्याला चक्क मोठं वाटत होतं, गुरूसाठी काही सोडून दिल्याचं ते तरुण वयातलं स्वस्त मोठेपण. पुढे दरवर्षी ते थोडं थोडं आंबत गेलं. सुकदेवला ऑफिस मिळालं, आबांना नाव मिळालं, पुण्याला कम्पायलर मिळाला. हिलालला टेकू मिळाले. दिवाळीला तो आबांच्या पाया पडायला जाई, आणि वाकताना दरवर्षी त्याच्या मनात येई, एकदा तरी म्हणा. म्हणा की हिलाल, तुला मी अडकवलं. मी चुकलो. त्याला बाकी काही नको होतं. बंगळूर आता मागून मिळणारही नव्हतं. पण कोणीतरी चुकलं होतं आणि त्या कोणाचं तरी तोंड त्याला हवं होतं.

फोननंतर दोन दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होती. सुकदेव म्हणाला, "मग आबांना विचारून ये ना एकदाचं. पुण्याची मुदत जवळ आलीय. तू सांगितलंस तर ते नाही म्हणणार नाहीत." सुकदेव हे स्वतः करू शकला असता. पण असली कामं हिलालची, हेही कधीतरी ठरून गेलेलं. हिलाल हो म्हणाला. फाइलीचं निमित्त होतं. आता समोर बसवून विचारता येणार होतं. एक चूक आबांना दाखवायची, कागदावर, आकड्यांनिशी, नाकारता येणार नाही अशी. आणि ती त्यांनी कबूल केली की तिच्या पाठोपाठ दुसरी बाहेर काढायची. त्याने वाक्यंही ठरवून ठेवली.

एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि पाळधी सोडताच झळा लागू लागल्या. गाडीत माहेरी निघालेल्या बायका खच्चून भरलेल्या होत्या, मांडीवर पोरं, पायाशी पिशव्या, आणि एरंडोलपर्यंत त्यांचं हसणं थांबलं नाही. आखाजीचा सण खान्देशात बायकांचा, झोक्यांचा, पुरणपोळी आणि आमरसाचा. आणि सालदारांचाही. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं साल आखाजीला संपतं. त्या दिवशी तो मोकळा. धनी विचारतो, राहतोस का जातोस, आणि गडी सांगतो. हिलालचा बाप निंबा दोंडाईच्याजवळ एकाच पाटलाकडे जन्मभर सालदार होता. दर आखाजीला इतर गडी पाय ओढत का होईना चार ठिकाणी चौकशी करून येत. निंबा ओट्यावर विडी ओढत बसून राही. लहानपणी हिलालने एकदा रागाने विचारलं होतं, दुसरीकडे का जात नाही. निंबा म्हणाला होता, "कथा जावानं? आठेच बरं शे." आणि हसला होता. त्या हसण्याचा हिलालला तेव्हा इतका तिरस्कार वाटला की आपण इंजिनिअर झालो ते शिकायच्या आवडीने नव्हे, त्या हसण्यापासून लांब पळायला, असं त्याला पुढे वाटे. पारोळ्याला गाडी थांबली. त्याने उसाचा रस घेतला. रस कोमट होता आणि ग्लासाला लिंबाच्या सालीचा कडू वास येत होता. बापाला निदान वर्षाकाठी एकदा विचारलं जात होतं, हा विचार त्याच्या मनात आला आणि मुकटी, फागणे कधी मागे पडलं ते कळलं नाही.

आबांच्या घरी दार उघडंच होतं. अंगणात कडुनिंबाला झोका बांधलेला, आबांच्या दोन्ही मुली माहेरी आलेल्या, आत खापरावर पोळ्या चाललेल्या. आबा कूलरमध्ये होते, म्हणजे कूलरचं एक दार काढून कमरेपर्यंत आत शिरलेले. निवृत्तीनंतर त्यांनी देवपुरातल्या निम्म्या लोकांचे कूलर दुरुस्त करायचा छंद धरला होता. ते मागे सरकत बाहेर आले, डोक्यावर लाकडाच्या भुश्याच्या काड्या, बनियन भिजलेलं, आणि त्याला पाहून इतके मनापासून आनंदले की हिलालची ठरवलेली वाक्यं जागच्या जागी ढिली पडली. "ये भाऊ, ये! कसा शे तू? घरनं बठ्ठं बरं शे ना?" आबा वर्गात आणि कामाचं बोलताना शुद्ध मराठी बोलत, पण जिव्हाळ्याचं काही असलं की हिलालशी अहिराणीच. त्या बोलीनेच तर त्याला पहिल्या वर्षी जिंकलं होतं, जळगावच्या पोरांनी त्याच्या 'शे'ची नक्कल करून त्याचा जीव नकोसा केला होता तेव्हा. अक्कांनी पाणी आणलं, मग रस आणला, आणि जेवून जायचं म्हणून बजावलं. आबा पंपाची जाळी दातकोरण्याने साफ करत बसले. हिलालने पिशवीतून छापील कागद काढले आणि तो पाठ केल्यासारखं बोलू लागला. मशीनचं माप, सांडणारा आकडा, रावेरचा पंप, पुण्याची मुदत. आबा ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "कोणती फाइल म्हणतोस?"

"तुमची, आबा. पूर्णांकांची."

"माझी फाइल आहे त्यात अजून?" आबा चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांशी नेऊन पाहू लागले. हिलाल त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. त्या चेहऱ्यावर ओळख यायला वेळ लागला, आणि आली तीही जुन्या फोटोत आपण दिसल्यावर येते तेवढीच. "हां हां. हे मी त्या मशीनच्या भरवशावर लिहिलेलं. चूकच आहे की रे ही, ढळढळीत चूक. वर 'लाँग' करून टाक, संपलं. तुला हे दिसलं नाही असं कसं?" चूक. शब्द इतका पटकन आला की तो झेलायला हिलालचा हात तयारच नव्हता. "दिसलं होतं," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणाला होतात, माझ्या फाइलला हात लावू नका."

"मी? कधी?"

हिलालने दिवस सांगितला. मशीनरूम, पांढरा बुशशर्ट, शाईचा डाग. आबा आधी गोंधळले, मग त्यांना आठवलं आणि ते हसू लागले, खरं हसू, पोट हलवत. "अरे, त्या दिवशी विद्यापीठाचे पाहुणे यायचे होते ना! दुपारी दाखवायचं होतं. सुकदेव सारखी काहीतरी मोडतोड करायचा. म्हटलं, आता हात लावू नका, पाहुणे जाऊ द्या. अगं ऐकलंस का," त्यांनी आत हाक मारली, "या पोरांनी माझं एका दुपारचं बोलणं अकरा वर्षं पाळलं!" आत मुली हसल्या. अक्का दाराशी येऊन कौतुकाने म्हणाल्या, "असे विद्यार्थी आता कुठे मिळतात." हिलालही हसला, तेवढं त्याला करावं लागलं. तोंड हसत होतं आणि पायाखालून काहीतरी सरकत चाललं होतं. त्याने दुसरं बाहेर काढलं, ठरवलेल्या वाक्यांतलं एकही न वापरता, अगदी ओबडधोबड. "आबा, मला बंगळूरचं बोलावणं आलं होतं. शहाऐंशी साली. मी इथे आलो होतो, तुम्ही जेवत होतात. तुम्ही थांब म्हणालात."

जाळी साफ करणारा हात थांबला. आता मात्र आबा हसले नाहीत. "बंगळूरचं? कोणत्या कंपनीचं?" हिलालने नाव सांगितलं. आबांनी हळूच शीळ घातल्यासारखा श्वास सोडला. "आणि तू गेला नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, माणसं थांबली पाहिजेत."

"अरे, ते मी रोजच म्हणायचो, सगळ्यांना म्हणायचो. जेवताना तर हटकून." आबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत दुःख होतं, हिलालला वाटलं होतं त्याहून खरं दुःख, पण ते हिलालसाठी होतं, स्वतःच्या चुकीचं नव्हतं. "मना शिकाडेल पोऱ्या तठे जाता तर मी गावभर पेढा वाटता. तू माले कव्हय इचारं, हिलाल? कागद दखाडा का तू माले?" आणि मग, अगदी हळू, जणू चूक पोराची असली तरी ती त्याला टोचू नये म्हणून, "मी तुले काय बांधी ठेयेल व्हतं का रे?"

हिलालने रसाची वाटी उचलली आणि संपवली. रस गोड होता, जास्तच गोड. त्याला आबांचा राग आणायचा होता आणि तो येईना, सवयीच्या खड्ड्यात पाय टाकावा आणि खड्डाच कोणी बुजवून टाकलेला असावा तसं झालं. इतकी वर्षं त्याने एका माणसाला मनातल्या कोर्टात उभं करून ठेवलं होतं. त्या माणसाला तारखेची खबरही नव्हती. तो इथे लोकांचे कूलर दुरुस्त करत होता, लेकीबाळींत सुखात होता, आणि विचारलं असतं तर पेढे वाटणार होता. म्हणजे चुकलं कोण? हा प्रश्न बाहेर कोणाला विचारायची सोय उरली नव्हती. झोक्यावर आबांची नात आखाजीचं गाणं म्हणत होती आणि मध्येच ओळ विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. आबांनी जाळी बसवली, बटण दाबलं, पाणी पडू लागलं, आणि ते लहान मुलासारखे म्हणाले, "बघ, चाललं." हिलाल जेवला. सगळ्यांनी आग्रह केला, तो दोन पोळ्या जास्त जेवला. निघताना पायाही पडला. आबा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता काही असलं तर इचारत जाय." परतीच्या गाडीत त्याला उभं राहावं लागलं, आणि ते बरंच झालं, कारण बसून विचार करण्यापेक्षा दांडा धरून तोल सांभाळणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आबांची फाइल उघडली आणि 'इंट' खोडून 'लाँग' लिहिलं. बोटांना काही झालं नाही. मग चाचण्या चालवल्या तर एकामागून एक धडाधड कोसळल्या. कोसळणारच होत्या. मूळ सरळ झालं होतं आणि टेकू अजून जुन्या वाकड्याला धरून उभे होते. तो टेकू काढू लागला. पहिला काढला, एक चाचणी उभी राहिली. दुसरा काढला, आणखी दोन. प्रत्येक टेकूपाशी त्याला कधी, कोणत्या ऋतूत, कशावर विचार करता करता तो सुचला ते आठवत होतं. हा पोराच्या जावळाच्या गडबडीत. हा काविळीतून उठल्यावर, तोंडाला चव नसताना, आणि तो जमल्यावर पहिल्यांदा भूक लागली होती. हा प्रमिला माहेरी गेलेली असताना. तो इतका नेटका होता की स्वतःशीच टाळी द्यावीशी वाटली होती. आज सगळे एकाच की-ने जात होते, ओळी खालून वर सरकत होत्या, आणि मजकूर जितका कमी होत होता तितका कम्पायलर बरोबर होत होता. असा हिशेब त्याने कोणत्याही मशीनवर पाहिला नव्हता. दुपारपर्यंत काम सरलं. पीसीवर बरोबर, पुण्याच्या मशीनसाठीही बरोबर. रावेरचा पंप आता चाळीस हजार सेकंद चालला असता. आत जे उरलं होतं ते आबांचं होतं, आणि सुरुवातीच्या दिवसांतलं, त्याचं आणि सुकदेवचं विद्यार्थीपणीचं. त्यानंतरचं त्याचं असं काही नव्हतं.

एक टेकू त्याने ठेवला. भागाकारातली बाकी काढणं जिथे उणे आकड्याला अडखळे तिथला, सगळ्यांत देखणा. त्याला आता कोणी बोलावत नव्हतं, पण असू द्यावा, कोणाला काय खुपतो, असं म्हणून त्याने पुन्हा कम्पाइल केलं. मशीनने सगळं सुरळीत केलं आणि शेवटी एक इशारा दिला: या नावाचं फंक्शन लिहिलेलं आहे, पण कुठेही वापरलेलं नाही. हिलाल ते वाक्य वाचत राहिला. ते कुचकट नव्हतं. मशीन कुचकटपणा करत नाही, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. मग त्याने तेही फंक्शन पुसलं आणि पुन्हा चालवलं. आता इशाराही नव्हता.

सुकदेव जेवणाचा डबा धुऊन आत आला, ओले हात रुमालाला पुसत. "झालं?" त्याने विचारलं.

"झालं," हिलाल म्हणाला. "आता माझ्यावाचून काही अडत नाही."

सुकदेवला वाटलं, हा सुट्टी मागतोय. "मग जा की चार दिवस गावाला," तो मोठ्या मनाने म्हणाला, "नाही कोण म्हणतंय?"